कडब्याची गाडी

गेल्या महिन्यात आमच्या घरात एका बैलगाडीने मोठा गोंधळ घातला. कन्या सहावीत आहे. शाळेने 'ग्रामजीवन' या विषयावर काहीतरी हाताने करून आणायला सांगितले होते. हाताने म्हणजे अर्थातच आईबापांच्या हाताने! कोपऱ्यावरच्या दुकानात तयार बैलगाडी मिळते, बैलांसकट. मी पाकीट काढले, तोच सौभाग्यवती म्हणाल्या, "तुम्ही स्वतःला खेड्यातले म्हणवता ना? मग द्या की करून!"

तासाभरात माझ्या बोटाला पट्टी बांधावी लागली. चाक म्हणून जे तयार झाले होते, त्याला फार तर बटाटा म्हणता आले असते.

वाचकहो, हा अपमान मला नवा नव्हता. माझी शाळा बीड जिल्ह्यातल्या एका लहान गावातली. पहिली ते पाचवी, खोल्या दोन आणि गुरुजीही दोनच. शनिवारी सकाळची शाळा. मुलींनी सारवायचे, मुलांनी विहिरीवरून पाणी आणायचे आणि कुंपणालगतच्या निंबाच्या रोपांना घालायचे, अशी वाटणी होती. (ती वाटणी तशीच का, हे विचारायचे आम्हांला तेव्हा सुचले नाही.) बसायला तरटाच्या पट्ट्या. भिंतीवर एक नकाशा होता आणि पावसाचे पाणी झिरपून त्यातल्या बंगालच्या उपसागराला चांगलीच भरती आली होती.

दुपारच्या सुटीनंतरचा तास कार्यानुभवाचा. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. पुढे १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने 'कार्यानुभवा'ची शिफारस केली. या थोर परंपरेची आम्हांला गंधवार्ताही नव्हती. आमच्या लेखी तो पाढ्यांपासून सुटकेचा तास. चिखलाचे बैल, सुतळीचे पायपुसणे, दिवाळी जवळ आली की कामट्यांचा आकाशकंदील. कणकेच्या खळीत गुरुजी चिमूटभर मोरचूद टाकीत, म्हणजे कागदाला कीड लागत नसे. आणि मोरचूद विषारी म्हणून खळ स्वतःच्याच हाताने लावीत.

या तासाचा राजा माझ्या पट्टीवर शेजारी बसे. त्याचे नाव सांगत नाही. तो आजही त्याच गावात आहे. वाचनात तो अडखळे. 'क्ष' आणि 'ज्ञ' ही अक्षरे केवळ त्याला छळण्यासाठी निर्माण झाली असावीत. पण कडब्याचे एक ताट हाती आले की बघावे! वरची साल नखाने सोलून तो तिच्या पट्ट्या काढी, आतल्या गाभ्याचे तुकडे पाडी आणि बाभळीच्या काट्यांनी ते असे जोडी की खिळ्याची आठवण होऊ नये. १९८९ साली आम्ही पाचवीत असताना त्याने एक बैलगाडी केली. तिला कणा होता, आरे होते, सालीची धाव होती, जू आणि जुवाला शिवळा होत्या. आणि चाके फिरत होती. खरी गाडी त्याच्या दारातच उभी होती. तिच्यातूनच दर वर्षी त्याचे आईबाप ऊसतोडीला जात.

दसरा झाला की आमचे अर्धे गाव रिकामे होई. मुकादमाकडून उचल घेतलेली असे. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जाई. माणसे मोजण्याचे ते माप मी पुढे अनेकांना सांगितले, पण कोणी चटकन समजल्याचे आठवत नाही. धाकटी भावंडे सांभाळायला तोही टोळीबरोबर गेला. सहामाही परीक्षा बुडाली.

दिवाळीनंतर तालुक्याला हस्तकलेचे प्रदर्शन होते. गुरुजींनी त्याची गाडी माझ्याबरोबर पाठवली. चिठ्ठीवर नाव लिहायचे काम माझ्याकडे, कारण माझे अक्षर चांगले. मी माझे नाव लिहिले. कोणी सांगितले नव्हते, कोणी विचारलेही नाही. दुसरा क्रमांक आला, कंपासपेटी मिळाली. घरी आईने ती देवापुढे ठेवली, तेव्हा मी बाहेर जाऊन बसलो.

पाडव्यानंतर तो परत आला. पहिला प्रश्न : "माझी गाडी कुठंय?"

"वाटेत मोडली," मी म्हणालो.

तो गप्प राहिला. जूनमध्ये मी मामाकडे शिकायला गेलो. त्याचे शिक्षण तिथेच संपले.

यंदा दसऱ्याला गावी गेलो तो कन्येला घेऊनच. बैलगाड्या आता थोड्या. टोळ्या ट्रक-ट्रॅक्टरने जातात. याची कंबर गेली, म्हणून हा घरी असतो. मुलगा आणि सून जातात; नातवाची शाळा बुडू नये म्हणून तो आजोबांजवळ राहतो. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी सरकारने २०२१ मध्ये वसतिगृहांची योजना आणली, हे मी त्याला मोठ्या अधिकाराने सांगू लागलो. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "पोरगं लहान हाय. रातचं आईच्या नावानं रडतं."

मग कन्येने आपली अडचण सांगितली. त्याने गंजीतून दोन ताटे ओढली आणि ओट्यावर बसला. नातू काटे आणून देत होता. पहिल्या चाकाला आरे बसले, तसे माझ्याने राहवेना. मी सगळे सांगितले. चिठ्ठी, क्रमांक, कंपासपेटी. मुलगी ऐकत होती, तरी सांगितले.

त्याचे हात थांबले.

"म्हंजे मोडली न्हवती?"

"नाही."

तो माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला. मग चाक कण्यात घालून त्याने बोटाने एक फेरा दिला.

"तालुक्याला गेली तवर चाकं फिरत व्हती?"

"फिरत होती," मी म्हणालो.

त्याने नातवाकडे दुसऱ्या काट्यासाठी हात पुढे केला.