त्रिशंकू कौल आणि अनेकांत दृष्टी



६ मे २०१० रोजी ब्रिटनमध्ये सार्वत्रिक निवडणूक झाली आणि कोणत्याही पक्षाला बहुमत मिळाले नाही. ६५० जागांच्या सभागृहात ३२६ जागा हव्या होत्या. डेव्हिड कॅमेरून यांच्या हुजूर पक्षाला एकंदर ३०६, पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांच्या मजूर पक्षाला २५८ आणि निक क्लेग यांच्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाला ५७ जागा मिळाल्या. आघाडी सरकारे पाहिलेल्या आपल्या देशाला यात नवल नाही. ब्रिटनमध्ये मात्र १९७४ नंतर सार्वत्रिक निवडणुकीत असा निकाल लागला नव्हता, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर आघाडीचे मंत्रिमंडळही तेथे बनले नव्हते. म्हणूनच पुढील पाच दिवसांत तेथे उमटलेल्या प्रतिक्रिया आपल्याला विचार करायला लावणाऱ्या आहेत.

पहिली प्रतिक्रिया बाजाराची. ग्रीसच्या कर्जसंकटाने धास्तावलेला लंडनचा शेअर बाजार शुक्रवारी आणखी घसरला आणि पौंडही उतरला. तोटा सोसता येतो, पण अनिश्चितता सोसवत नाही, हा व्यापाऱ्याचा स्वभाव सर्वत्र सारखाच. हुजूर पक्षाचे समर्थक म्हणाले, सर्वाधिक मते आमची, तेव्हा ब्राउन यांनी तत्काळ पायउतार व्हावे. काही वृत्तपत्रांनी तर त्यांना घर बळकावून बसलेला माणूस ठरवले. वस्तुतः पुढचे सरकार कोण बनवणार हे ठरेपर्यंत विद्यमान पंतप्रधानाने पदावर राहावे, हाच तेथील संकेत आहे. मजूर पक्षाचे समर्थक म्हणाले, हुजुरांना ३६ टक्केच मते आहेत, म्हणजे उरलेला देश त्यांच्या बाजूचा नाही. तिसऱ्या पक्षाच्या लोकांचे गाऱ्हाणे वेगळेच होते. त्यांना २३ टक्के मते मिळाली होती, पण जागा नऊ टक्क्यांहूनही कमी. शनिवारी लंडनमध्ये शेकडो नागरिक निवडणूक पद्धतीत सुधारणा मागत जमले आणि क्लेग यांना बाहेर येऊन त्यांच्याशी बोलावे लागले. शेफील्ड, मँचेस्टर, लंडन येथील काही मतदारांचा संताप आणखी साधा होता. रांगेत उभे असतानाच रात्री दहाला दारे बंद झाली आणि त्यांचे मतच घेतले गेले नाही.

यांतील कोणते म्हणणे खोटे होते? एकही नाही. प्रत्येक म्हणणे हा एक नय होता, वस्तूची एक बाजू दाखवणारा. दोष उत्पन्न झाला तो ‘च’ या अक्षरामुळे. ‘हेच खरे’ म्हटले की नयाचा दुर्नय होतो. ‘हेही खरे’ म्हटले की संवादाला वाट मिळते. त्या जनतेने कोणालाच नाकारले नव्हते आणि कोणाच्या हाती सारे सोपवलेही नव्हते. एकट्याने कारभार करू नका, असाही त्या कौलाचा अर्थ घेता येत होता.

अखेर तसेच घडले. ११ मे रोजी ब्राउन यांनी राजीनामा दिला, कॅमेरून पंतप्रधान झाले आणि क्लेग उपपंतप्रधान. दोन्ही पक्षांनी लेखी करार केला. निवडणूक पद्धतीवर सार्वमत घेण्याचे हुजुरांनी मान्य केले. ५ मे २०११ च्या त्या सार्वमतात सुमारे ६८ टक्के लोकांनी बदल नाकारला, पण दिलेला शब्द पाळला गेला.

कथा येथेच संपली असती तर बोध सोपा होता. परंतु विद्यापीठांची शुल्कवाढ रोखण्यासाठी मत देऊ, अशी लेखी प्रतिज्ञा लिबरल डेमोक्रॅट उमेदवारांनी निवडणुकीपूर्वी केली होती. सत्तेत येऊन वर्षही झाले नव्हते, तोच डिसेंबर २०१० मध्ये इंग्लंडमधील शुल्काची कमाल मर्यादा ९,००० पौंडांपर्यंत वाढवण्यात आली, आणि क्लेग यांच्यासह त्या पक्षाच्या अनेक खासदारांनी वाढीच्या बाजूने मत दिले. २०१२ मध्ये क्लेग यांनी जाहीर क्षमा मागितली. पाळता येईल याची खात्री नसताना वचन द्यायला नको होते, असा तिचा आशय होता. २०१५ मध्ये त्या पक्षाच्या ५७ जागांवरून ८ उरल्या. इतर कारणेही होती, पण वचनभंगाचा विसर मतदारांना पडला नाही, हे नाकारता येणार नाही.

अनेकांत म्हणजे वाटेल तेथे झुकणे नव्हे. दुसऱ्याचा नय समजून घेणे हा अनेकांत. घेतलेले व्रत सांभाळणे हे सत्य. एकाच्या नावाखाली दुसऱ्याला सोडचिठ्ठी देता येत नाही.

आपल्या पेढ्यांत भावाभावांची मते विभागतात. मंदिराच्या विश्वस्त मंडळात दोन्ही बाजूंना सारखी मते पडतात. अशा वेळी ‘आमचाच पक्ष खरा’ म्हणून वर्षानुवर्षे कोर्टकज्जे चालवणारी घराणी आपण पाहतो, आणि घाईने तडजोड करून पुढे शब्द फिरवणारीही. भागीदारीचा करारनामा लिहिण्यापूर्वी दोन याद्या कराव्यात. एकीत ज्या गोष्टींवर आपण मागे सरकू शकतो त्या. दुसरीत ज्यांविषयी आपण कोणाला शब्द दिला आहे त्या. पहिली यादी समोरच्यापुढे मोकळेपणाने ठेवावी. दुसरी सही करण्यापूर्वीच वाचून दाखवावी, आणि ती मान्य नसेल तर नम्रपणे उठून यावे.