दावणीला बांधलेला संसार

दुष्काळ पडला की एक प्रश्न हमखास कानावर येतो : माणसांना प्यायला पाणी नाही, तिथे जनावरांचे लाड कशाला? विचारणारा बहुधा सांगोला-मंगळवेढ्याकडचा नसतो. 2019 च्या उन्हाळ्यात सोलापूर जिल्ह्यातल्या चारा छावण्या ज्यांनी पाहिल्या, त्यांना हा प्रश्न पडायचा नाही. दावणीला खिलार बैल, शेजारी जर्सी गाय, पुढ्यात उसाचे वाढे आणि हाताच्या अंतरावर बाज टाकून घरची म्हातारी. जनावरांमागे अर्धे घर छावणीत मुक्कामाला आले होते.

सरकारने तेव्हा मोठ्या जनावरामागे रोजचे अनुदान 90 वरून 100 रुपये केले, लहानासाठी 50. छावण्यांत कागदोपत्री जनावरेही चरली, हे खरेच; म्हणून तर बारकोड आले. पण जी खरी होती त्यांच्याबरोबर घरेही तगली. वैरणीअभावी गाय पडेल भावात गेली की दुधाचा पैसा थांबतो. बैल गेला की पाऊस पडूनही पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरसाठी खोळंबते. पुन्हा जनावर घ्यायचे तर सावकाराचा उंबरठा आहेच.

हा हिशेब कुणालाही पटतो, आणि इथेच तो अपुरा पडतो. भाकड गाईचे, थकलेल्या बैलाचे काय? राज्यात 2015 पासून बैलांच्याही कत्तलीला बंदी आहे. जनावर वाचले, पण त्याच्या वैरणीचा भार आला दोन एकर कोरडवाहूवाल्यावर. प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे राज्यघटनेच्या कलम 51-अ नुसार प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे. मग पुण्य सगळ्यांचे आणि खर्च एकट्याचा, ही वाटणी कुठली? अशा शेतकऱ्याने जनावर रस्त्यावर सोडले तर त्याला निर्दय म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

छावणी उघडते तोवर जनावरांच्या बरगड्या दिसू लागलेल्या असतात. साखर कारखान्यांची या जिल्ह्यात वाण नाही. गाळप हंगामातच वाढ्यांचा मुरघास करून तालुक्याला साठा ठेवता येईल. त्यातला काही वाटा भाकड जनावरे सांभाळणाऱ्या अल्पभूधारकांना सवलतीत मिळावा. त्यासाठीची तरतूद टंचाई आराखड्यात पिण्याच्या पाण्याच्या टँकरबरोबरच व्हावी, मे महिन्याची वाट न पाहता.