नाव बदललं, पुढे काय?

लेखात ‘नाव बदलले आहे’ एवढं कंसात टाकलं की आपली जबाबदारी संपली, असं पत्रकारिता शिकणाऱ्या मुलामुलींना वाटतं. मी त्यांना मुलाखत आणि शब्दांकन शिकवते. नाव ते आठवणीने बदलतात. पण गाव, जात, नवऱ्याची नोकरी, मुली किती, हे सारं तसंच ठेवतात. दोनशे उंबऱ्यांच्या गावात बाई ओळखायला आणखी काय लागतं?

बलात्कारित स्त्रीची ओळख छापणं १९८३ पासून, मोजके अपवाद सोडता, गुन्हा आहे. नावच काय, जिच्यावरून ती ओळखू येईल अशी कुठलीही माहिती छापायची नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली बजावलं. २०२४ पासून ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे. पण नवऱ्याने टाकलेली, सासरी मार खाणारी, कर्जापायी नवरा गमावलेली बाई? तिला या कलमाचा आधार नाही. कायदा जिथे थांबतो तिथे लिहिणारीची नीती सुरू होते, आणि ती वर्गात शिकवावीच लागते.

माझा आग्रह एकच आहे. बाईने चुलीपुढे बसून मन मोकळं केलं, याचा अर्थ तिने ‘छापा’ म्हटलं असा होत नाही. लेख तयार झाला की परत जा. तिला वाचता येत नसेल तर तिच्या बोलीत वाचून दाखवा. ती म्हणेल ते वाक्य खोडा. दोघींची दुःखं जोडून तिसरीच बाई उभी करू नका. केलीच असेल तर वाचकाला तसं सांगा.

विद्यार्थी विचारतात, मग सरपंचालाही लेख आधी दाखवायचा का? नाही. सत्ता हाती असणाऱ्याला त्याची बाजू मांडायची संधी द्या, खोडण्याचा हक्क नको. ज्याला छापल्याची झळ लागते आणि उत्तर द्यायला व्यासपीठ नाही, त्याच्यासाठी हा नियम आहे.

मैत्रिणींनो, हे फक्त विद्यार्थ्यांपुरतं नाही. आपल्या अहवालांत, पत्रकांत, शिबिरांच्या वृत्तांतांत आपण किती जणींच्या कहाण्या वापरतो! त्यातल्या किती जणींना आपण परत जाऊन विचारलं? लेख थोडा फिका पडला तर पडू दे. छापून आल्यावर त्याच गावात, त्याच घरात तिला राहायचं असतं; आपल्याला नाही.