चोवीस शब्द आणि गंगाजळी

क्रिप्टोसाठी हार्डवेअर वॉलेट घेतले की जो तो एकच मंत्र देतो: चोवीस शब्द कागदावर लिही, कोणाला सांगू नकोस. बायकोलाही नाही!

किल्ली आपल्याकडे हवी, हे आम्हा गोंयकारांना कोणी शिकवू नये. बांको नासिओनाल उल्त्रामारिनोत गहाण ठेवलेले आमचे सोने १९६१ साली, मुक्तीच्या तोंडावर, लिस्बनला गेले. परत यायला १९९१ उजाडले. २०२४ मध्ये वझीरएक्स लुटले गेले तेव्हाही लोकांच्या हाती आकडेच होते. म्हणून शब्द यंत्राने स्वतः दाखवलेलेच घ्यावेत (डब्यात छापून आले असतील तर ती सरळ फसवणूक), त्यांचा फोटो काढू नये, आणि थोडी रक्कम ठेवून, यंत्र कोरे करून, शब्दांवरून ती परत येते का ते पाहावे.

पण ‘कोणालाच नाही’? हे मी उज्जैनहून लिहितोय. १८१० पर्यंत ही शिंद्यांची राजधानी, मग ग्वाल्हेर. तिथल्या किल्ल्यातल्या गुप्त खजिन्याला गंगाजळीच म्हणत. १८८६ साली जयाजीराव वारले, मुलगा नऊ वर्षांचा. ठिकाण सांगायचे राहूनच गेले, अशी कथा आहे. निदान तिथे भिंती तरी खणता येत होत्या! चोवीस शब्द कुठे खणणार? बँकेत वारस नेमता येतो, या यंत्रात तशी सोयच नाही.

इथले पंडे यजमानांच्या वंशावळीच्या वह्या मुलाच्या हाती सोपवतात. आमचे संगणकतज्ज्ञ मात्र बायकोला यंत्र कुठे आहे तेही सांगत नाहीत. शब्दांचा एक कागद घरात, दुसरा मोहोरबंद पाकिटात बँकेच्या लॉकरात, आणि लॉकरावर तिचेही नाव. एवढे करायला कसली अडचण?