रंग शून्यावर ठेवा

‘मुघल-ए-आझम’ घरी बघायचा म्हणून शोधायला बसलं की आधी हाती लागतो तो रंगीत. पंचविशीतल्या मंडळींना तर हा सिनेमा मुळातच रंगीत होता असं वाटतं, आणि त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. त्यांच्यासमोर दुसरी प्रत आलीच कुठे? जुन्या सिनेमांच्या घरी बघायच्या प्रतींबद्दल या सदरात बरीच कुरकुर झाली आहे. कापलेली गाणी, ताणलेली चौकट, कोपऱ्यात वाहिनीचा शिक्का. या सिनेमाची तक्रार मात्र वेगळी आहे. इथे प्रत घासूनपुसून, मेहनतीने केलेली आहे. आणि तरीही तिने सिनेमातली सगळ्यात मोठी घटना गिळून टाकली आहे.

५ ऑगस्ट १९६० रोजी हा सिनेमा मुंबईत मराठा मंदिरला लागला. तिकिटासाठी रांगेत ताटकळून आत शिरलेल्या प्रेक्षकाला काय दिसलं? तापल्या वाळवंटातून मुलासाठी नवस बोलायला अनवाणी निघालेला अकबर, लढाई, दरबार, तुरुंग, सगळं काळं-पांढरं. सिनेमाचा बराच मोठा भाग असा गेल्यावर शीशमहाल उघडतो आणि पडदा एकदम रंगीत होतो. एक नाचणारी बादशहाच्या तोंडावर आपलं प्रेम कबूल करते, छतातल्या आरशांत तिच्या शेकडो प्रतिमा नाचू लागतात, आणि वर बघणाऱ्या अकबराचे डोळे लाल होतात. तो लाल प्रेक्षकाने तोवर पाहिलेलाच नसतो. गोष्टीत जो बंडाचा क्षण, तोच पडद्यावर रंग येण्याचा क्षण. दिग्दर्शक के. आसिफने हे आधीपासून योजलं होतं की पैशांच्या चणचणीतून ते आपोआप जमून आलं, यावर हवा तेवढा वाद घाला. पडद्यावर ते जमून आलं आहे, एवढं पुरे.

रंगीत प्रतीत शीशमहाल येतो तेव्हा आपण दोन तास रंगच बघत असतो. एक भारी सेट आला, छान गाणं झालं, पुढे.

त्या सेटवर काय खर्ची पडलं होतं ते बघा. अंधेरीच्या मोहन स्टुडिओत दीडशे फूट लांब, ऐंशी फूट रुंद आणि पस्तीस फूट उंच असा महाल उभा राहिला. बेल्जियमची काच, फिरोजाबादचे कारागीर, दोन वर्षांचं काम. आणि दिवे लावल्यावर कळलं की आरसे इतके चमकतात की चित्रणच अशक्य. आरशांवर मेणाचा पातळ थर चढवून आणि जागोजागी कापडाच्या पट्ट्या लावून, त्यांच्यावरून उजेड परतवून आर. डी. माथुर या कॅमेरामनने मार्ग काढला, असं सांगतात. त्या काळात आपल्याकडे टेक्निकलर म्हणजे भलतीच महागडी चैन. हे गाणं आणि शेवटाकडची काही रिळं रंगीत झाली. ते बघून आसिफला सगळा सिनेमाच नव्याने रंगात काढायचा होता, पण पैसे घालणाऱ्यांचा धीर सुटला होता. साहजिकच आहे. १९४४ च्या सुमारास आखलेला सिनेमा. मधल्या काळात फाळणी झाली, पहिला निर्माता पाकिस्तानात गेला, पहिला अकबर चंद्रमोहन वारला, आणि शापूरजी पालनजींनी थैली उघडली म्हणून गाडी पुन्हा रुळावर आली.

रंगीत प्रतीचे वकील नेमका हाच मुद्दा पुढे करतात: आसिफला रंग हवाच होता, २००४ मध्ये संगणकावर सगळा सिनेमा रंगवला गेला आणि त्याची इच्छा पूर्ण झाली. मला हे पटत नाही. त्याला पुन्हा चित्रण करायचं होतं. म्हणजे माथुरांनी रंगासाठी नव्याने दिवे लावले असते. काळ्या-पांढऱ्या चित्रणात माणूस मागच्या भिंतीपासून वेगळा काढायचा तो फक्त उजेडाने. खांद्यावर एक कडा उजळवायची, भिंत अंधारात ढकलायची. रंगीत चित्रणात तेच काम कपड्याचा रंग करतो, मग उजेड निराळा लावता येतो. काळ्या-पांढऱ्यासाठी लावलेल्या उजेडावर नंतर रंग चढवले की दोन्ही गोष्टी एकाच वेळी ओरडायला लागतात.

घरी बघण्याचा फायदा हा की चित्र थांबवता येतं. पुतळ्याच्या प्रसंगात थांबवा. शिल्पकाराचा पुतळा पुरा झालेला नाही, म्हणून त्याच्या जागी अनारकलीच पुतळा होऊन उभी आहे. सलीमचा बाण सुटतो, मोत्यांचा पडदा गळून पडतो आणि मधुबालाचा निश्चल चेहरा दिसतो. काळ्या-पांढऱ्यात संगमरवर आणि माणसाची कातडी एकाच करड्या जातीचे. दरबाऱ्यांइतकेच आपणही क्षणभर फसतो. रंगवणाऱ्याला मात्र ठरवावंच लागतं, हा दगड की हा गाल. काहीही ठरवलं तरी गुपित फुटलंच.

तीच गत पिसाच्या प्रसंगाची. रात्रीची बाग, लांबून तानसेनाचा सूर, सलीम पांढरं पीस अनारकलीच्या चेहऱ्यावरून फिरवतो, बोलणं जवळजवळ नाहीच. गळा बडे गुलाम अली खाँसाहेबांचा, राग सोहनी. लता-रफी एका गाण्याला काहीशे रुपये घेत त्या काळात खाँसाहेबांनी नकार द्यावा म्हणून पंचवीस हजार मागितले आणि आसिफने हो म्हटलं, हा किस्सा सगळ्यांना ठाऊक आहे. उजेडाकडे मात्र कमी जणांचं लक्ष जातं. त्या प्रसंगात चेहरा सोडून फारसं काही दिसू नये अशीच योजना आहे. तिथे लिपस्टिकची छटा आणि पानांचा हिरवा आणून ठेवला की नजर चेहऱ्यावरून उठून भटकायला लागते. (त्या वेळी दिलीपकुमार आणि मधुबाला एकमेकांशी बोलतही नव्हते. पडद्यावर त्याची शंकासुद्धा येत नाही, आणि त्याचं थोडं श्रेय त्या अंधाराला द्यायला हवं.)

दुर्गाबाई खोट्यांचंही असंच नुकसान झालं आहे. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’मधली तारामती इथे जोधाबाई आहे, नवरा आणि मुलगा यांच्यामध्ये भरडली जाणारी. पृथ्वीराज कपूर गर्जत असताना ही बाई बहुतेक काम डोळ्यांनी करते. मूळ प्रतीत आधी ते डोळे दिसतात. रंगीत प्रतीत आधी दागिने.

खोटं कशाला बोला, २००४ च्या दिवाळीत थिएटरांत गर्दी झाली, आणि चव्वेचाळीस वर्षांनी एक सिनेमा पुन्हा पोटभर चालला याचा आनंद कुणालाही व्हावा. आवाजाचं काम तर उत्तमच. पंचाऐंशीच्या घरातल्या नौशादांनी स्वतः लक्ष घालून पार्श्वसंगीत नव्याने ध्वनिमुद्रित करवून घेतलं. पण त्याच वेळी लांबी १९७ मिनिटांवरून १७७ वर आली. आणि रंग चढवण्याआधी निगेटिव्ह साफ केलीच होती ना? ओरखडे काढलेली, पण न रंगवलेली अशी अवस्था त्या कामात कुठेतरी येऊन गेलीच असणार. ती बाहेर काढा. २०२५ मध्ये ‘शोले’ची मूळ शेवटासह दुरुस्त केलेली प्रत थेट बोलोन्यात दाखवली गेली, आपल्याकडे हे काम करणारी माणसं आहेत आणि बघणारेही आहेत. १९७ मिनिटांचा, स्वच्छ, काळा-पांढरा आणि शीशमहालाला रंगीत होणारा ‘मुघल-ए-आझम’ मी तरी पदरमोड करून विकत घेईन.

तोवर जुनी काळी-पांढरी डीव्हीडी कुणाकडे असेल तर ती मागून आणा. चित्राची चौकट जवळपास चौकोनी आहे. टीव्हीच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतील, राहू द्या. ते घालवायला चित्र ताणलंत तर मधुबालाचा चेहरा भाकरीएवढा होईल.

डीव्हीडी नसेल तर रंगीत प्रतच लावा, पण रिमोटवरून पिक्चर सेटिंगमध्ये जाऊन ‘कलर’ची पट्टी शून्यावर आणा. खालचा उजेड बराचसा माथुरांचाच आहे, तो वर येतो. शीशमहालाचा सेट दिसला की पट्टी पूर्ववत करायची. गाण्यानंतर शून्य-पन्नास करत बसू नका, त्यापेक्षा कुठला लाल टेक्निकलरचा आणि कुठला संगणकाचा हे ओळखत बसा. तो खेळ चांगला रंगतो. सुरुवातीला घरातलं कुणीतरी विचारेलच, टीव्ही बिघडला का म्हणून. त्यांना शीशमहाल येईपर्यंत थांबायला सांगा.