भट्टी वाकडी, बदनाम शेतकरी



देवळाली प्रवरेच्या बैठकीत हा अंक हातात पडला की कुणीतरी विचारणारच, "कापसाचा भाव सोडून हे बॉयलरचं काय काढलंत? आमच्यातल्या कित्येकांच्या रानात विहीरच नाही. ज्यांच्याकडे मोटार आहे त्यांचं बिल सरकारनं माफ केलंय. वीज केंद्रात कोळसा कसा जळतो, याचं कोरडवाहू माणसाला काय?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर तीन कलमांत देतो.

एक. विहीर नसली तरी घरात दिवा आहे आणि गावात पिठाची गिरणी आहे. ज्या जिनात आपला कापूस जातो ते जिनही विजेवर चालते. घरच्या बिलावर 'इंधन समायोजन' नावाचा आकार कधीमधी चढलेला दिसतो. कोळसा महाग पडला किंवा बाहेरून वीज महाग घ्यावी लागली, की तो फरक या वाटेने आपल्या दारात येतो.

दोन. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना पाच वर्षे मोफत वीज जाहीर झाली. मोफत म्हणजे कुणीच पैसे देत नाही असे नव्हे. पैसे सरकार कंपनीला देते, आणि ते आपल्या नावावर लिहिले जातात. वीज जितकी महाग पडेल तितका आपल्या नावावरचा आकडा फुगतो. उद्या हाच आकडा दाखवून म्हणतील, "शेतकऱ्यांवर एवढे उधळले, आता भाव कशाला मागता?"

तीन. आपल्या रानात उभी असलेली पऱ्हाटी हेही इंधन आहे. तिला भाव मिळायचा की ती बांधावर पेटवायची, हे भट्टी कशी बांधली आहे यावरही ठरते.

चुलीपुढची माउली सगळे जाणते

जळणाचे शास्त्र आपल्या घरात कुणाला शिकवावे लागत नाही. ओले सरपण घातले की धूर होतो. मोठे ओंडके कोंबले की जाळ गुदमरतो. फुंकणीने वारा घातला की पेट घेतो. वारा जास्त झाला तर उष्णता भांड्याला न लागता बाहेर जाते. काटक्या बारीक असाव्यात, मध्ये वाट असावी, वारा बेताचा असावा. वीज केंद्राची भट्टी म्हणजे हीच चूल, फक्त कैक मजले उंच.

तिथे कोळसा चक्क्यांत दळून पिठासारखा करतात. दर १०० किलो भुकटीतली निदान ७० किलो दोनशे नंबरच्या चाळणीतून गेली पाहिजे, असा साधारण दंडक आहे. ही भुकटी हवेबरोबर भट्टीत फुंकतात. कण आत असतो अवघे दोन-तीन सेकंद. तेवढ्यात तो तापला पाहिजे, पेटला पाहिजे, हवेत नीट घुसळला जाऊन पुरता जळला पाहिजे. दळण जाड झाले, एका कोपऱ्यात हवा कमी आणि दुसऱ्यात जास्त झाली, किंवा भट्टी आखूड पडली, तर कण अर्धा जळून राखेबरोबर निघून जातो.

यात किती जाते ते पाहा. एक किलो शुद्ध कार्बन पुरता जळला तर सुमारे ८,०८० किलोकॅलरी उष्णता देतो. हवा अपुरी पडून त्याचा नुसता विषारी कार्बन मोनॉक्साइड झाला, तर मिळते सुमारे २,४३०, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. कोळसा तेवढाच आणि रेल्वेभाडेही तेवढेच, पण उष्णता दोन आण्यांची. म्हणून हवा कमी चालत नाही. जास्तही चालत नाही, कारण जादा हवा तापून धुराड्यातून निघून जाते. धुराचे तापमान वीस-बावीस अंशांनी उतरवले तर बॉयलरची कार्यक्षमता साधारण एक टक्का वाढते. जुन्या बॉयलरला जागोजागी फटी पडतात आणि त्यांतून फुकटची हवा आत ओढली जाते. अशा फटक्या चुलीवर कोणती सून स्वयंपाक करील?

नाचता येईना, अंगण वाकडे

साहेबांना विचारा. उत्तर तयार असते: "आपला कोळसाच वाईट. काय करणार?"

कोळसा वाईट आहे हे खरे. आपल्याकडच्या वीज केंद्रांना मिळणाऱ्या कोळशात शंभरात पस्तीस-चाळीस हिस्से राख असते. नाशिकजवळच्या एकलहरे केंद्राला कोळसा विदर्भातून शेकडो किलोमीटर रेल्वेने येतो. एका मालगाडीला अठ्ठावन्न-एकोणसाठ वाघिणी असतात. राख चाळीस टक्के धरली तर त्यांतल्या तेवीस वाघिणी नुसती माती वाहतात, आणि भाडे सगळ्या वाघिणींचे पडते.

आता आपल्याकडे पाहा. बोंडातल्या कापसात ओल १२ टक्क्यांच्या वर निघाली तर कापूस महामंडळाचे केंद्र माल घेत नाही, आणि ८ च्या वर गेली की पैसे कापते. ज्वारीच्या पोत्यात मूठभर माती निघाली तर व्यापारी आपल्याला चोर ठरवतो. उद्या आपण क्विंटलमागे चाळीस किलो माती घालून पोते आडतीवर नेले, तर काय होईल?

१९९७ साली केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने नियम केला होता की, खाणीपासून १,००० किलोमीटरपलीकडे ३४ टक्क्यांहून जास्त राखेचा कोळसा नेऊ नये. पुढे हे अंतर ५०० किलोमीटरवर आणले. मे २०२० मध्ये ती अट काढूनच टाकली.

पण खरा मुद्दा पुढेच आहे. हा कोळसा वाईट आहे हे काल कळले का? एकलहऱ्याचे २१० मेगावॉटचे तीन संच १९७९ ते १९८१ या काळात सुरू झाले. तेव्हाही कोळसा असाच होता. अशा कोळशाला भट्टी मोठी आणि उंच लागते, म्हणजे कणाला जळायला वेळ मिळतो. धुराचा वेग कमी ठेवावा लागतो, नाहीतर राखेतली वाळू कानशीसारखी नळ्या खरवडते. चक्क्या जास्त लागतात, कारण तेवढ्याच उष्णतेसाठी दळण जास्त असते. आपल्या देशातल्या अभियंत्यांनी हे ओळखले आणि बॉयलर त्याप्रमाणे मोठे बांधले. म्हणजे विद्या आहे. कमी पडते ती रोजची निगा: झिजलेल्या चक्क्या, वाकडे झालेले बर्नर, अंदाजाने सोडलेली हवा. येणारा कोळसा दर आठवड्याला बदलतो, पण त्याप्रमाणे भट्टी जुळवून घ्यायची तसदी कोण घेतो? जमीन हलकी आहे म्हणून आपण पेरणी सोडत नाही. हलक्या रानाचे वाण निवडतो, फणाची खोली बदलतो. मग सरकारी भट्टीलाच अंगण वाकडे कसे?

एक साधा हिशेब

एक युनिट वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी. जुना २१० मेगावॉटचा संच त्यासाठी सुमारे २,७०० किलोकॅलरीचा कोळसा जाळतो असे धरा. शंभरातले बत्तीस कामी आले, बाकीचे गेले. न्यायाने बोलायचे तर हे सगळे पाप भट्टीचे नाही. बहुतेक उष्णता टर्बाइनच्या पुढे, वाफ थंड करताना जाते, आणि तो निसर्गाचा नियम आहे. कोराडीला बसवलेल्या ६६० मेगावॉटच्या नव्या संचांत वाफेचा दाब आणि तापमान वाढवून ही तूट कमी केली आहे. बॉयलरकडे जाणारी तूट असते साधारण पंधरा टक्के. त्यातलीही काही टळत नाही. पण दोन टक्के नक्की टळते.

दोन टक्के म्हणजे किती? हा संच दिवसभर पूर्ण चालला तर ५० लाख ४० हजार युनिट वीज देतो. ३,६०० किलोकॅलरीचा कोळसा धरला तर रोज सुमारे ३,७८० टन, म्हणजे रोज एक मालगाडी. बॉयलर ८५ टक्क्यांवरून ८७ टक्क्यांवर आणला, तर रोज सुमारे ८७ टन कोळसा वाचतो. वर्षात तीनशे दिवस धरले तर एका संचामागे सुमारे २६ हजार टन, तीन संचांमागे ७८ हजार टन. वीस मालगाड्या! आणि तेवढी राख कमी.

राखेतच किती कोळसा जातो तेही पाहा. चाळीस टक्के राखेच्या कोळशात राखेबरोबर पाच टक्के कार्बन न जळता गेला, तर शंभर किलो कोळशामागे दोन किलो कार्बन गेला, म्हणजे साडेचार टक्के उष्णता. हेच प्रमाण राखेत एक टक्क्यावर आणले तर तोटा एक टक्क्याच्या आत येतो. मूठभर राख तपासली की भट्टी कशी चालली आहे ते कळते. ही तपासणी केंद्रांत होते. तिचे आकडे आपल्या गावापर्यंत मराठीत का येत नाहीत?

राखेचे पुढे काय होते तेही शेतकऱ्यालाच भोगावे लागते. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राख-बंधारा फुटला आणि राखेचा गाळ नाल्यांत अन् रानांत शिरला.

खर्च त्यांचा, नाव आपले

वीज नियामक आयोग किती कोळसा जाळावा याचा दंडक घालून देतो. त्याच्यापेक्षा जास्त जाळला तर तो सगळा भार ग्राहकावर टाकता येत नाही, असे कागद सांगतो. पण जुन्या संचांना दंडकच सैल मिळतो. आणि कंपनी सरकारची आहे. तोटा बिलातून नाही आला तर तिजोरीतून येतो. तिजोरी कुणाची?

आणि बदनामी कुणाची, ते २००० साली उघडे पडले. तोपर्यंत वीज मंडळ गळती पंधरा-अठरा टक्के सांगत होते. आयोगाच्या पहिल्या दर-आदेशाच्या वेळी छाननी झाली, तेव्हा ती तीस टक्क्यांच्या वर निघाली. मीटर नसलेल्या पंपांच्या नावावर लिहिलेली बरीच वीज शेतात गेलीच नव्हती. चोरी आणि गळती आपल्या खात्यावर टाकून ठेवली होती. २००५ मध्ये मंडळाच्या कंपन्या झाल्या. आपल्या भागात तर मुळा-प्रवरा ही सहकारी वीज संस्था होती. जानेवारी २०११ च्या अखेरीस तिचा परवाना संपला आणि महावितरण आले. बिलावरचे नाव बदलले. भट्टीकडे कुणी पाहिले नाही, आणि आपल्या नावावरचा आकडाही कुणी तपासला नाही.

आपल्याला उत्पादन खर्च भरून निघेल असा भाव मागितला की अर्थशास्त्र शिकवतात: "कार्यक्षमता वाढवा!" कबूल. मग तोच धडा आधी भट्टीला शिकवा.

पऱ्हाटीला भाव का नाही?

कापूस वेचून झाला की हेक्टरी दोन-तीन टन पऱ्हाटी उभी राहते. बोंडअळीचा मुक्काम नको म्हणून ती काढावीच लागते. मजुरी आपली आणि काडेपेटीही आपलीच. वाळलेल्या पऱ्हाटीची उष्णता किलोला साडेतीन हजार किलोकॅलरीच्या आसपास भरते, म्हणजे त्या कोळशाच्या बरोबरीची. राख मात्र शंभरात जेमतेम पाच-सहा. माल चांगला कुणाचा, सांगा!

ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राच्या वीज मंत्रालयाने कोळशाबरोबर पाच टक्के शेतमालाचे जळण वापरण्याचे बंधन जाहीर केले. मुदत पुढे सरकवली. आपल्या तालुक्यात पऱ्हाटी मोजून घेणारा काटा कुणी पाहिला?

अडचणी आहेत, त्या लपवायच्या नाहीत. पऱ्हाटी लवकर पेटते, म्हणून कोळशाच्या चक्कीत ती दळताना आगीची भीती असते. तिच्या राखेत पालाश जास्त असते. फार तापली की ती वितळून नळ्यांना चिकटते. म्हणून पाच-दहा टक्के मिसळ ठीक, पण जास्त जाळायची तर भट्टी वेगळी लागते. ती भट्टीही आहे. भडभुंजा लाह्या भाजतो तेव्हा कढईतली तापलेली वाळू जोंधळ्याला चहूकडून भिडते. तसेच खालून हवा सोडून वाळू उकळत ठेवतात आणि तिच्यात जळण सोडतात. तापमान ८०० ते ९०० अंशांत राहते, त्यामुळे राख सहसा वितळत नाही. कोळशाचा चुरा, भाताचे तूस, पऱ्हाटी, सगळे त्यात जळते. असे बॉयलर पुण्यात बनतात. विद्या कमी नाही, मन कमी आहे.

एक मात्र सांगून ठेवतो. कडबा भट्टीत जाणार नाही. तो दावणीचा आहे. दुष्काळी तालुक्यांत जळणाच्या नावाखाली कुणी कडब्याला हात लावू पाहील, तर त्याला वेशीवरच अडवा.

बैठकीसमोर ठेवायचे ठराव

१. प्रत्येक औष्णिक केंद्राने आलेल्या कोळशाची उष्णता, युनिटमागे जाळलेली उष्णता आणि राखेत राहिलेला कार्बन हे तीन आकडे दरमहा मराठीत जाहीर करावेत आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावेत.

२. जुन्या संचाला मुदतवाढ देण्याआधी भट्टी, चक्क्या आणि हवेच्या गळतीची बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी व्हावी. सुधारत असेल तर सुधारा, नसेल तर बंद करा. त्याचे ओझे बिलात नको.

३. शेतीच्या नावावरची वीज फीडरवर मोजून गावनिहाय जाहीर करावी. मोजल्याशिवाय एक युनिटही आमच्या नावावर लिहू नये.

४. केंद्राच्या दारात कोळशाच्या दर हजार किलोकॅलरीला जो खर्च पडतो, तोच भाव पऱ्हाटीला मिळावा. काटा तालुक्याच्या ठिकाणी असावा.

५. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या मदतीने जिनिंग, डेअरी आणि गुऱ्हाळ यांना परवडेल अशी पऱ्हाटीची लहान भट्टी जिल्ह्यात चालवून दाखवावी.

यातला एकही ठराव भिकेचा नाही. आमच्या नावाने जो कोळसा जाळता, त्याचा हिशेब मागतो आहोत. पुढच्या वेळी "शेतकऱ्याच्या फुकट विजेने राज्य बुडाले" असे कुणी म्हणाले, तर वाद घालू नका. एवढेच विचारा: राखेत किती कार्बन गेला?