असणे आणि जिवंत असणे

क्षयरोगाचे नाव आपल्याकडे अजूनही मोठ्याने घेतले जात नाही. ‘छातीचे दुखणे आहे’ एवढे म्हणून घरची मंडळी गप्प होतात. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे या रोगाचा जंतू जगासमोर ठेवला, त्याला १४० हून अधिक वर्षे झाली. औषधे सापडली, ती सरकारी दवाखान्यांतून विनामूल्य मिळू लागली. तरी नाव दडवण्याची सवय गेली नाही. जे दडवले जाते त्याविषयी गैरसमज फार वाढतात. त्यांतील एका गैरसमजाचा उलगडा या महिन्यात करावा, असे आम्ही योजिले आहे. तपासणीत जंतू ‘आढळला’ म्हणजे तो जिवंत आहेच काय, हा तो प्रश्न.

याचे उत्तर समजण्यासाठी पेशीच्या घरात डोकावावे लागेल. प्रत्येक पेशीत डी.एन.ए. नावाचे मूळ दप्तर असते. पेशीला एखादे काम करावयाचे झाले की त्या दप्तरातील नेमक्या मजकुराची नक्कल निघते; ती आर.एन.ए. बोथच्या शेतकऱ्यास हे निराळे समजावून सांगावयास नको. मालक वारला तरी त्याच्या नावाची नोंद तहसील कचेरीच्या दप्तरात कित्येक दिवस तशीच राहते. पण वाण्याकडे रोज जाणारी सामानाची चिठ्ठी घर चालू असेल तरच निघते. डी.एन.ए. ही दप्तरातील नोंद, आर.एन.ए. ही रोजची चिठ्ठी. जंतूंच्या पेशीतील अशा बहुतेक चिठ्ठ्या काही मिनिटांतच नाहीशा होतात. म्हणून जीवनाची चाहूल घ्यावयाची तर चिठ्ठीच पाहिली पाहिजे.

परंतु ही चिठ्ठी डोळ्यांना दिसावी कशी? न्यूयॉर्कच्या पब्लिक हेल्थ रिसर्च इन्स्टिट्यूटमधील संजय त्यागी आणि फ्रेड क्रेमर या दोघा शास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये त्यासाठी एक सुबक युक्ती प्रसिद्ध केली. बायका केसांत खोवतात त्या आकड्याची आकृती डोळ्यांसमोर आणावी. डी.एन.ए.चा एक आखूड धागा तशाच आकाराने दुमडलेला असतो. त्याच्या एका टोकाला प्रकाश देणारा रेणू, दुसऱ्या टोकाला तो प्रकाश गिळून टाकणारा रेणू. आकडा मिटलेला असताना दोन्ही टोके शेजारी येतात आणि अंधार राहतो. आकड्याच्या वळणावर मात्र एक विशिष्ट मजकूर लिहिलेला असतो. त्याला जुळणारा मजकूर भेटला की वळण त्याला जाऊन बिलगते, आकडा ताठ होतो, टोके दूर जातात आणि दिवा लागतो. दुसरा कोणी भेटला तर अंधार कायम. या शोधक रेणूंना ‘मॉलिक्युलर बीकन’ म्हणजे रेणूंचे दीपस्तंभ असे नाव मिळाले.

जिवंत पेशीत हा दिवा नेणे सोपे नव्हते. पेशीतील विकरे परक्या धाग्याचे तुकडे करतात. धागा तुटला की दोन टोके आपोआप दूर होतात आणि कोणीही भेटलेले नसताना खोटाच उजेड पडतो. यावर उपाय म्हणून विकरांना दाद न देणारा, रासायनिक बदल केलेला धागा वापरण्यात आला. त्यागी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये फळमाशीच्या अंड्याकडे निघालेला ‘ऑस्कर’ नावाच्या जनुकाचा आर.एन.ए. अशा दिव्याने उजळून दाखविला. जिवंत पेशीतील चिठ्ठी आपल्या मुक्कामाकडे जाताना माणसाने प्रत्यक्ष पाहिली.

हेच दिवे पुढे क्षयरोग्याच्या थुंकीपर्यंत पोहोचले. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये मान्यता दिलेल्या ‘जीनएक्स्पर्ट’ तपासणीच्या पहिल्या स्वरूपात निरनिराळ्या रंगांचे पाच दीपस्तंभ होते. जंतूच्या एका जनुकातील ८१ अक्षरांचा पट्टा त्या पाचांनी मिळून वाचावयाचा. पाचही दिवे लागले तर जंतू आहे आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्याला लागू पडेल असे समजावयाचे. एखादाच लागला नाही, तर तेथील अक्षर बदलले आहे आणि औषध बहुधा निष्प्रभ ठरेल. न लागलेला दिवाही येथे बोलतो! हे सर्व दोन तासांच्या आत. आपल्या गोव्यात तयार होणारे ‘ट्रूनॅट’ यंत्रही प्रतिदीप्त शोधकांवरच चालते. त्याच्या शोधकांची रचना थोडी वेगळी. ते बॅटरीवर चालत असल्याने विजेचा लपंडाव असलेल्या लहान गावांना विशेष सोयीचे. त्याला २०२० मध्ये जागतिक मान्यता मिळाली.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ही यंत्रे पाहतात ती डी.एन.ए., म्हणजे दप्तरातील नोंद. औषधाने जंतू मेले तरी त्यांची नोंद थुंकीत बराच काळ सापडू शकते. म्हणून उपचार कितपत लागू पडला हे ठरविण्यासाठी ही तपासणी वापरीत नाहीत. त्यासाठी सूक्ष्मदर्शकाने थुंकी पाहतात. पण त्यालाही मेलेला जंतू आणि जिवंत जंतू सारखेच दिसतात. जंतू वाढवून पाहणे हा खात्रीचा मार्ग. मात्र त्याला कित्येक आठवडे लागतात. ही उणीव भरून काढण्यासाठी स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठातील संशोधकांनी जंतूचा आर.एन.ए. मोजणारी चाचणी तयार केली आहे. तीतही साक्ष देतो तो प्रतिदीप्त शोधकच. पण प्रश्न ‘येथे कोण होते?’ असा नसून ‘येथे कोण जगते आहे?’ असा असतो.

हा भेद न कळल्याने दोन्हीकडून अनर्थ होतो. बरा झालेला माणूस पुन्हा कोठे तपासून घेतो, यंत्र ‘आहे’ म्हणते आणि घरात त्याचे ताट पुन्हा वेगळे होते. उलट दोन महिन्यांत खोकला थांबला, वजन वाढले की रोग गेला असे मानून दुसरा औषध सोडतो. आणि उरलेले जंतू औषधाला निर्ढावतात.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास थुंकी तपासावी; ती तोंडातील लाळ नसावी, छातीतून खाकरून काढलेली असावी. पूर्वी उपचार झाला असल्यास ते डॉक्टरांपासून लपवू नये. त्यावाचून यंत्राच्या उत्तराचा अर्थ लावता येत नाही. नेहमीच्या क्षयावरील सहा महिन्यांचे औषध पुरे करावे. मध्येच किनवटला वा यवतमाळला नातलगांकडे जावे लागल्यास आपला ‘निक्षय’ क्रमांक बरोबर ठेवावा; नोंद देशभर एकच असल्याने पैनगंगा ओलांडली तरी उपचार तुटावयास नको. पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपयांचे साहाय्य ठरविलेले आहे, तेही मागून घ्यावे. आणि आपल्या घरांत मराठी, दवाखान्यात तेलुगू, गुड्यांत गोंडी, अशी तीन भाषांची ये-जा असल्याने रुग्णाबरोबर तेलुगू जाणणारे माणूस अवश्य पाठवावे. अहवालातील ‘आहे’ या एका शब्दाचा अर्थ आपल्या भाषेत नीट विचारून घेतला, तर पुष्कळ घरांतील ताटे वेगळी होणार नाहीत.